चार चाकांची स्कूटर आणि किहीमची वाडी

या पानावर आपण माडाच्या खतावर, सुपारीच्या कोळेरोगावर, पांढऱ्या कांद्यावर बोलतो. आज विषय स्कूटरचा आहे. पण शेवटी तो वाडीवरच येऊन पोचतो, म्हणून पुरतं वाचा.

किहीमला एक तरुण बागायतदार आहे. वय चोवीस. नाव छापलेलं त्याला आवडणार नाही, म्हणून लिहीत नाही. पाच वर्षांपूर्वी नारळ पाडताना माडावरून खाली आला. जीव वाचला, पण कण्याला मार बसून कमरेखालचं अंग गेलं. घरात चाकाची खुर्ची आली. आता वाडीतल्या दगडी वाटेवरून खुर्ची कुठवर जाणार? पावसाळ्यात शेवाळ, आणि किनाऱ्याकडे न्यावी तर पुळणीत चाक रुतलंच म्हणून समजा. अलिबागला दवाखान्यात जायचं तर वडील आणि शेजारचे दोघं उचलून रिक्षात बसवायचे. म्हणजे तिघांचा दिवस मोडला. "दोन वर्षं मी चोंढी नाकासुद्धा बघितला नव्हता, साहेब," असं तो सांगतो.

वडील थकलेले. "पोर बसलं, आता वाडी कोण बघणार?" असं म्हणू लागले. आपल्या पट्ट्यात जागेला गिऱ्हाईक शोधत फिरावं लागत नाही. वाडी देऊन टाकायचं बोलणं जवळजवळ ठरलं होतं.

यात माझीही एक चूक झाली, ती सांगून टाकतो. त्या वर्षी नारळ बागायतीच्या प्रशिक्षणाची यादी मी केली. हॉल वरच्या मजल्यावर होता. त्याला कशाला त्रास, असं मनाशी म्हणून मी त्याचं नाव गाळलं. पुढे त्याला कळलं. "मला एकदा विचारायचं तरी," एवढंच म्हणाला. ते अजून मनातून जात नाही.

बघितलं, मग सुचलं

अलिबागला एकदा त्याला त्याच्यासारखाच एक जण दिसला. मागे दोन जादा चाकं लावलेल्या स्कूटरवरून एकटा आलेला, खुर्ची घडी करून मागे बांधलेली. घरी येऊन पोरानं तोच विषय लावून धरला.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचंही असंच झालं होतं. किशोरवयात अर्धांग गेलेलं. स्वतः अपंग असूनही हातांनी चालवता येईल अशी मोटार करून घेतलेले आणि ती स्वतः चालवणारे एक उद्योजक त्यांना भेटले, आणि त्यांचा विचारच बदलला. शिक्षण पुरं करून त्या नोकरीला लागल्या आणि १९८४ साली त्यांनी कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड' ही संस्था उभी केली. संस्थेनं पुढे सिंधुदुर्गात मोरे गावी अपंगांच्या हातांनी चालणारा काजू प्रक्रियेचा प्रकल्पही काढला. समजावून सांगितलेलं जे पटत नाही, ते आपल्यासारख्यानं केलेलं बघितलं की पटतं. शेतीतही आपण शिवारफेरी काढतो ती याचसाठी.

आधी कागद, मग चाकं

बहुतेक जण इथेच चुकतात. आधी गॅरेजमध्ये चाकं लावतात आणि मग परवान्याच्या मागे लागतात. क्रम उलटा ठेवा.

पहिलं, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व धरलेलं आहे. बऱ्याच सवलतींसाठी ते किमान ४० टक्के असावं लागतं.

दुसरं, शिकाऊ परवाना. वय १८ पूर्ण हवं. मोटार वाहन कायद्यात पूर्वी 'इनव्हॅलिड कॅरेज' असा शब्द होता. २०१९ च्या दुरुस्तीनं तो जाऊन 'अडॅप्टेड व्हेईकल', म्हणजे चालवणाऱ्याच्या गरजेप्रमाणे बदल केलेलं वाहन, असा शब्द आला. पाय चालत नाहीत एवढ्यावरून परवाना नाकारला जात नाही. असं वाहन तो नीट चालवू शकतो का, हे अधिकारी बघतात.

तिसरं, गाडीत बदल करण्याआधी आरटीओची परवानगी. आपल्या जिल्ह्याचं कार्यालय पेणला आहे. बदल झाल्यावर आरसी बुकात नोंद करून घ्या. नोंद नसली तर अपघाताच्या वेळी विम्याला अडचण येते.

चौथं, शिकाऊ परवान्यानंतर ३० दिवसांनी, पण सहा महिन्यांच्या आत, पक्क्या परवान्याची चाचणी. ती स्वतःच्या, बदल केलेल्या गाडीवर द्यायची.

गाडी गिअर नसलेली घ्या, म्हणजे सगळा कारभार हातात राहतो. खुर्चीवरून सीटवर हातांच्या जोरावर सरकायची सवय आधी घरी करावी लागते. आपल्या पोराला त्याला तीन महिने लागले. ज्यांना सरकणं जमत नाही त्यांच्यासाठी खुर्चीलाच पुढे जोडायचं विजेवर चालणारं यंत्र निघालं आहे. आयआयटी मद्रासच्या मदतीनं २०२१ साली आलेलं 'निओबोल्ट' हे त्यातलं एक, वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत. मोटारीतही ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर हातानं चालवायचा दांडा बसवता येतो.

दोन गोष्टी जपा. पायाला जाणीव नसते, त्यामुळे सायलेन्सरला पाय लागून भाजला तरी कळत नाही. पाय पट्ट्यानं बांधून ठेवा, मध्ये आडोसा लावा. आणि एका जागी फार वेळ बसलं की खाली जखम होते. गादी वापरा, थोड्या थोड्या वेळानं थांबून हातांवर अंग उचला.

आज काय आहे

वाडी विकली गेली नाही. माडावर चढायला माणूस लावावाच लागतो, त्याची मजुरी जाते, हे खरं. पण पूर्वी दारात आलेला व्यापारी सांगेल तो भाव घ्यावा लागे. आता पोरगा चोंढीला, अलिबागला स्वतः जाऊन दोन-तीन ठिकाणी विचारतो आणि मग माल सोडतो. खत, औषधं तोच आणतो. २०२० साली मांडव्याहून भाऊच्या धक्क्यापर्यंत रो-रो बोट सुरू झाली. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात जायचं तर तो स्कूटरसकट बोटीत चढतो, कोणी उचलावं लागत नाही. आई अजून फाटकापर्यंत येते, पण "सोबत कोण आहे?" असं आता विचारत नाही.

यंदा प्रशिक्षण तळमजल्यावर घेतलं. पाडणाऱ्याची मजुरी कशी वाचवायची, यावर सगळ्यात जास्त प्रश्न त्यानंच विचारले.

आता सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींना विनंती. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा आहे. बंगले उभे राहिले त्या गावांत घरपट्टीही वाढली आहे. तो पैसा मार्चअखेरीस किरकोळ वस्तू वाटून संपवू नका. गावात कोणाला काय लागतं, हे त्याच्या घरी जाऊन त्यालाच विचारा. बापाला किंवा भावाला नको. एखाद्याला स्कूटरची जादा चाकं हवी असतील, एखाद्याला प्रमाणपत्रासाठी अलिबागपर्यंत गाडी. आणि पंचायतीच्या पायऱ्यांशेजारी उतार करा. एक फूट उंचीला बारा फूट लांबी धरा, त्याहून खडा उतार खुर्चीला चढत नाही. दुसऱ्याला ढकलायला सांगावं लागलं, तर तो उतार करून उपयोग नाही.

पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्या. आणि सभा तळमजल्यावर ठेवा, म्हणजे ज्यांचा विषय आहे त्यांना येता येईल.