प्रश्नचिन्हापुढचा पत्ता

शोधचौकटीत लेखकाचं नाव लिहायचं, ‘शोधा’ दाबायचं आणि नोंदी पडद्यावर आल्या की नजर वर पत्त्याच्या पट्टीकडे न्यायची. डेटाबेसवर चालणारी कुठलीही साइट हाती आली की मी आधी हेच पाहते. पत्ता जसाच्या तसा राहिला, तर समोरच्या पानाला स्वतःचा पत्ता नाही. फॉर्म ‘गेट’ पद्धतीने गेला तर शोधलेले शब्द प्रश्नचिन्हानंतर पत्त्यात उमटतात आणि तोच पत्ता पुन्हा उघडला की तोच शोध पुन्हा होतो. ‘पोस्ट’ पद्धतीत शब्द विनंतीच्या पोटातून जातात. पान तयार होतं, वाचून होतं आणि पुन्हा तिथवर यायला काही खूण उरत नाही.

एका सार्वजनिक ग्रंथालयाने जुन्या मराठी नियतकालिकांची सूची ऑनलाइन केली होती. कुठल्या अंकात कोणाचा लेख, कुठल्या पानावर, हे सगळं कर्मचाऱ्यांनी पिवळे पडलेले अंक हाताळून टिपलेलं. काम अस्सल होतं, पण ग्रंथपालबाईंची तक्रार अशी की अभ्यासकांचे फोन थांबत नाहीत. “अहो, नोंद आहे साइटवर. पण त्यांना लिंक पाठवली की ‘सत्र संपले आहे’ असंच दिसतं. मग मी स्क्रीनचा फोटो काढून पाठवते.”

याचं कारण पत्त्यातच होतं. नोंद उघडली की तिच्या क्रमांकामागे अक्षरं-आकड्यांची एक लांब माळ लागे. तो सत्र-क्रमांक. ब्राउझर कुकी ठेवत नसेल तर भेट देणारा कोण हे लक्षात ठेवायला काही प्रणाली तो पत्त्यातच घालतात. सत्र संपलं की पत्ता निकामी, आणि बुकमार्कही निकामी. लॉगिन असलेल्या साइटवर हे आणखी घातक ठरतं, कारण असा पत्ता कोणाला पाठवणं म्हणजे चालू सत्राची किल्लीच देणं.

गूगलच्या बाजूने काय दिसत होतं ते सर्व्हर लॉगमध्ये वाचायला मिळालं. क्रॉलर, म्हणजे पानं गोळा करत फिरणारा शोधयंत्राचा प्रोग्राम, दुव्यांवरून चालतो. चौकटीत नाव लिहून बटण दाबणं हे साधारणपणे त्याचं काम नव्हे. त्यामुळे मुखपृष्ठावरच्या ‘नव्याने दाखल’ यादीत जेवढ्या नोंदी होत्या, तेवढ्याच त्याला सापडत. क्रॉलर कुकी सांभाळत नाही, म्हणून दर भेटीत त्याला नवा सत्र-क्रमांक मिळे, आणि एकच नोंद त्याच्या लेखी वेगवेगळी पानं होऊन बसे. संपलेल्या सत्राचं पान तर ‘२००’ म्हणजे ‘सगळं ठीक’ या संकेतासह जात होतं. शोधनिकालांत ग्रंथालयाच्या नावाखाली ‘सत्र संपले आहे’ हीच ओळ दिसत होती. अंक जपून ठेवणाऱ्या माणसांच्या कष्टांची ही ओळख पाहून मला फार वाईट वाटलं.

नोंदीच्या पानाला सत्राची गरजच नव्हती, म्हणून तो क्रमांक आधी काढून टाकला. हरवलेल्या नोंदीला ‘४०४’ म्हणजे ‘सापडत नाही’ हा संकेत द्यायचं ठरलं. शोधाचा फॉर्म ‘गेट’वर आणला. वर्षवार आणि लेखकवार याद्या साध्या दुव्यांनी बांधल्या, म्हणजे चौकट न भरताही प्रत्येक नोंदीपर्यंत चालत जाता येतं. सोबत साइटमॅप, म्हणजे शोधयंत्रासाठी सगळ्या पत्त्यांची यादी, दिला. एका फाइलमध्ये ५०,००० पत्ते मावतात, त्यामुळे इथे एकच पुरला. क्रमवारी बदलल्यावर तयार होणाऱ्या जोडपत्त्यांसाठी प्रत्येक पानाच्या शीर्षभागात मूळ पत्ता सांगणारी ‘कॅनॉनिकल’ ओळ घातली. गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी ती २००९ मध्ये मिळून स्वीकारली होती.

खरी चर्चा रंगली ती पत्त्यात काय लिहायचं यावर. ग्रंथपालबाईंना लेखाचं शीर्षक देवनागरीत हवं होतं, आणि ती इच्छा मला मनापासून पटत होती. मराठी विकिपीडिया तेच करतो. अडचण पत्ता कॉपी करताना येते. देवनागरीचा प्रत्येक वर्ण, काना, मात्रा, हलन्त यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतो आणि प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह व दोन अक्षरं असा लिहिला जातो. ‘महाराष्ट्र’ या शब्दात असे १० घटक, म्हणजे पत्त्यात ९० चिन्हं. लेखाचं पूर्ण शीर्षक घेतलं तर व्हॉट्सॲपवर कितीतरी ओळींचा गिचमिडीत मजकूर पोचतो आणि मध्येच तुटला की उघडत नाही. शिवाय शीर्षकातला ऱ्हस्व-दीर्घ पुढे दुरुस्त झाला की पत्ताही बदलणार. शेवटी बाईंनीच दाखल क्रमांक सुचवला. रजिस्टरमध्ये एकदा पडलेला तो क्रमांक ग्रंथालय बदलत नाही. पत्त्यात तो क्रमांक आणि पानाच्या शीर्षकात पूर्ण मराठी नाव, असं ठरलं. शोधयंत्राला मराठी शब्द तिथे मिळतात.

सगळी सूची एकाच पानात ठेवून जावास्क्रिप्टने नोंदी बदलाव्यात, असाही एक प्रस्ताव आला होता. मी त्याला ठाम विरोध केला नाही, एकच अट घातली: नोंद बदलली की पत्ता बदलला पाहिजे, आणि तो ‘#’ चिन्हापुढे नको. त्या चिन्हापुढचा भाग ब्राउझर सर्व्हरला पाठवतच नाही. गूगलने २००९ मध्ये ‘#!’ची तोडगा-पद्धत मांडली आणि २०१५ मध्ये ती सोडून दिली. तोवर ब्राउझरमधल्या हिस्टरी एपीआयने खरे पत्ते बदलण्याची सोय करून दिली होती.

राहिले जुने पत्ते. अपाचे सर्व्हरवर पत्ता बदलून देणारं मॉड-रीराइट १९९६ पासून आहे. त्याच्या काही नियमांनी सत्र-क्रमांकाची माळ गाळून प्रत्येक जुना पत्ता ‘३०१’ने, म्हणजे ‘कायमचा हलवला’ या संकेताने, नव्याकडे वळवला. चांगले पत्ते बदलत नसतात, असं टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच लिहून ठेवलं होतं. बदलावेच लागले तर वळवण्याचं काम मालकाचं, वाचकाचं नव्हे, असं मी मानते. साइट सांभाळणाऱ्या नव्या मुलाने विचारलं, हे नियम कधी काढायचे? काढायचे नाहीत, असं त्याला सांगितलं. काही अभ्यासकांनी ते जुने पत्ते प्रबंधांच्या तळटीपांत दिले आहेत, आणि ते प्रबंध छापून झाले आहेत.