मी लावणार होते ना!

परवा एका लग्नाला निघायची घाई होती. रिक्षा दाराशी उभी, आणि आमची चार वर्षांची नात आपल्या फ्रॉकची बटणे लावीत बसलेली. मी पुढे झालो आणि क्षणात सारी लावून दिली. तिने भोकाड पसरले. "आजोबा, मी लावणार होते ना!" आणि रडत रडत तिने ती सगळी पुन्हा सोडली.

रिक्षात मला माँटेसोरीबाईंची आठवण झाली. आपल्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी 1906 साली राज्यभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले. मूल शाळेत यावे, ही त्यांची तळमळ. शाळेत आलेले मूल शिकते कसे, हा शोध रोमच्या या डॉक्टरीणबाईंचा. 6 जानेवारी 1907 रोजी सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी बालगृह उघडले. तेथे तीनेक वर्षांची एक मुलगी लाकडी दट्ट्या ज्याच्या त्याच्या भोकात बसवीत होती. बाईंनी इतर मुलांना गाणी म्हणायला लावली, तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवले. पोरीचे लक्ष ढळेना. चाळीसांहून अधिक वेळा तिने तोच खेळ केला. दट्ट्या चुकली की बसत नाही. चूक दाखवायला मास्तर लागत नाही. बटणे लावायला शिकावे म्हणून बाईंनी कापडाच्या चौकटीही केल्या होत्या!

हा विचार आपल्याकडे रुजवला तो गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी. पण ती साधने महाग. 1945 साली ताराबाईंनी बोर्डीला काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. आदिवासी मुले बालवाडीत येईनात, तेव्हा या दोघींनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. शिंपले, बिया, खडे, पाने हीच साधने झाली. पुढे 1957 साली हे काम कोसबाडला गेले. आज देशभर रूढ असलेल्या 'अंगणवाडी' या शब्दामागे त्या दोघींची ही पायपीट आहे.

मुलाला शिकवायला पैसा लागतो, विद्वत्ता लागते, असे आपण म्हणतो. मला वाटते, सर्वांत महाग पडतो तो आपला धीर.

काल पुन्हा बटणांचा प्रसंग आला. मी हात पाठीमागे बांधून बसलो. पहिलेच बटण चुकीच्या काजात गेले. जीभ वळवळली, पण आवरली. शेवटी एक काज उरले. नातीने मान वाकवून पाहिले, सारी बटणे सोडली, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

उशीर झाला खरा.