सशाची बंदूक, हरणाचं शरीर

पॅरिस ऑलिंपिकमध्ये 2024 साली कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं. त्या प्रकारात वापरतात ते काडतूस म्हणजे .22 लाँग रायफल, एनसीसीतल्या मुलांच्या तोंडचं ‘पॉइंट टू-टू’. पन्नास मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ असतं फक्त 10.4 मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं. तेवढ्या जागेत ही गोळी पुन्हा पुन्हा बसवता येते. तेव्हा अचूकपणाबद्दल तिच्यावर शंका घ्यायचं कारण नाही.

हेच काडतूस एआर-7 नावाच्या अमेरिकन सर्व्हायव्हल रायफलीत चालतं. एम-16 ज्याच्या आराखड्यातून जन्मली त्या युजीन स्टोनरनेच 1950च्या दशकाच्या अखेरीस हिची रचना केली. वजन जेमतेम सव्वा किलो. प्लास्टिकच्या पोकळ दस्त्याची मागची टोपी काढली की नळी, यंत्रणा आणि मॅगझिन आपापल्या खोबणीत बसवलेली दिसतात. सगळं आत घालून टोपी लावली की बोचकं पाण्यावर तरंगतं. निर्जन मुलखात अडकलेल्या माणसाने पोट भरण्यापुरती शिकार करावी, हा हेतू. मग प्रश्न येतोच: हिने हरीण पडेल का?

पडेल. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात स्लेव्ह लेकजवळ 1953 मध्ये बेला ट्विन या क्री आदिवासी बाईंनी एकबारी .22 रायफलीने अवाढव्य ग्रिझली अस्वल मारलं होतं. पण गोळी अगदी जवळून आणि डोक्यात घातलेली होती. अस्वल कोसळल्यावरही बाई काडतुसं भरभरून झाडत राहिल्या. हा किस्सा बंदुकीची थोरवी म्हणून सांगतात. मला त्यात बाईंची थोरवी जास्त दिसते.

आता आकडे बघू. .22ची गोळी 2.6 ग्रॅमची, नळीतून सुटताना वेग सेकंदाला साधारण 380 मीटर, ऊर्जा 190 ज्यूलच्या आसपास. अमेरिकी हवाई दलाच्या जुन्या सर्व्हायव्हल रायफलींत .22 हॉर्नेट हे काडतूस असे. त्याच्या गोळीची जाडी जवळपास तीच, वजन 2.9 ग्रॅम, पण नेहमीच्या लांब नळीतून वेग 820 मीटरपर्यंत. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ती थेट पाचपट, हजार ज्यूलच्या घरात जाते. हरणाच्या शिकारीत सर्रास वापरलं जाणारं .243 विंचेस्टर 2600 ज्यूलच्या आसपास असतं.

तरी नुसती ऊर्जा जनावराला मारत नाही. गोळीच्या धक्क्याने प्राणी उडून पडतो ही सिनेमाची देणगी. गोळी मेंदूत किंवा मणक्यात शिरली तरच तो जागीच कोसळतो, नाहीतर रक्तस्राव होऊन मेंदूला रक्त मिळेनासं झाल्यावर. वेगवान, मऊ टोकाची गोळी शरीरात शिरताच फुलते, आजूबाजूच्या पेशी ताणून फाडते आणि रुंद जखम करते. संथ .22 बहुधा अरुंद बोगदा पाडते. छातीत लागली तरी हरीण दचकतं आणि धूम ठोकतं. कातडी सरकून बारीक भोक बुजतं, गोळी अनेकदा पलीकडून बाहेर येत नाही, त्यामुळे पाचोळ्यावर रक्ताचा माग उमटत नाही. शिकारी हात हलवत परततो आणि जनावर तासांनी, कधी दिवसांनी, झुडपात मरतं. इंग्लंडच्या 1991च्या हरीण कायद्याने रायफलीसाठी सुमारे 2300 ज्यूलची किमान मर्यादा घातली ती म्हणूनच. (आपल्याकडे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 1991 साली झालेल्या दुरुस्तीनंतर शौकाच्या शिकारीचा विषयच संपला.) चोरट्या शिकाऱ्यांना मात्र .22 आवडते, कारण तिचा आवाज कमी.

मग अडकलेल्या माणसाच्या हाती अशी कमजोर गोळी द्यायचीच कशाला? वजनासाठी. .22चं एक काडतूस साडेतीन ग्रॅमचंही नसतं. पन्नासांची पेटी खिशात मावते. ससे, खारी, पाणपक्षी यांना ते पुरेसं आहे आणि मोठ्या जनावरापेक्षा असली शिकार वाटेत जास्त भेटते.

गोची पुढे आहे. रानटी सशाच्या मांसात प्रथिनं भरपूर, चरबी अगदी थोडी. प्रथिनांतल्या नायट्रोजनचं युरियात रूपांतर करण्याची यकृताची क्षमता मर्यादित असते. नुसत्या सशांवर दिवस काढणाऱ्याला मळमळ, जुलाब, अशक्तपणा गाठतात आणि भरपेट खाऊनही भूक भागत नाही. उत्तर ध्रुवीय प्रदेशात हिंडलेले संशोधक विल्यालमूर स्टेफान्सन यांनी याबद्दल लिहिलं होतं. 1928 मध्ये न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्यांनी मांसाहाराचा प्रयोग स्वतःवर करून घेतला. सुरुवातीला मुद्दाम फक्त बिनचरबीचं मांस दिलं, तेव्हा काही दिवसांतच ते आजारी पडले. चरबीचं मांस ताटात आल्यावर सावरले. सशांवर निभावायची पाळी आलीच तर भेजा आणि हाडांतली मज्जा फेकून चालत नाही, मिळेल ती चरबी पोटात जावी लागते.