इंजिन नवे, टाकी जुनी

अमेरिकेत 1960-70च्या दशकांतल्या कॅमारोसारख्या गाड्यांत जुने इंजिन उतरवून शेव्हरोलेचे एलएस व्ही-8 बसवणे आता सर्रास चालते. इंधनाबाबत मात्र एक समज हटत नाही: इंजिन दमदार असेल तर पंप मोठा लावा, बाकी जुनी टाकी आणि जुनी पाइपलाइन चालते. पण अडचण पेट्रोल किती लागते ही नाही. ते कोणत्या दाबाने आणि किती अखंड मिळते, ही आहे. जुन्या इंजिनाच्या कार्बोरेटरला 4 ते 7 पीएसआय दाब पुरतो, एलएसच्या इंजेक्टरना सुमारे 58 लागतो. आणि प्रमाणाचेच बोलायचे, तर 400 अश्वशक्तीच्या इंजिनाला पूर्ण जोरावर, दर अश्वशक्तीला ताशी अर्धा पौंड या रूढ अंदाजाने, ताशी 120 ते 125 लिटर पेट्रोल लागते. सहज मिळणारा ताशी 255 लिटरचा पंप, वाढत्या दाबाला त्याचा पुरवठा घटतो हे धरूनही, पुरून उरतो. शिवाय पंप फक्त पेट्रोल ढकलतो; दाब किती राहील हे रेग्युलेटर ठरवतो आणि जास्तीचे पेट्रोल टाकीत परत पाठवतो. पंप अवाच्या सवा मोठा असेल, तर तेच पेट्रोल फिरून फिरून तापते.

खरी गोम टाकीत आहे. कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये थोडे पेट्रोल कायम शिल्लक असते. वळणावर टाकीतले पेट्रोल एका बाजूला गेले आणि पाइपने क्षणभर हवा ओढली, तरी इंजिन त्या साठ्यावर निभावून नेते. इंजेक्शनमध्ये असा साठा नसतो. हवा आली की दाब कोसळतो आणि इंजिन तिथेच अडखळते. म्हणून टाकीत बॅफल, म्हणजे पेट्रोल एका बाजूला उसळू न देणारे आडपडदे, हवेत आणि पंप शक्यतो टाकीच्या आतच, पेट्रोलात बुडालेला हवा, म्हणजे तो थंडही राहतो. ‘बाहेरचा पंप स्वस्त पडतो, बसवायला सोपा’ हा आक्षेप खरा आहे. पण हे पंप ढकलण्यात तरबेज आणि ओढण्यात कच्चे असतात. ते टाकीपासून दूर किंवा उंचावर बसवले, तर ओढणाऱ्या पाइपमध्येच गरम पेट्रोलाची वाफ होते. बाहेरचाच लावायचा असेल, तर तो टाकीला लागून आणि तिच्या तळापेक्षा खाली असावा.

जास्तीचे पेट्रोल परत आणणारी रिटर्न लाइन इंजिनापर्यंत न्यावीच लागते, हाही गैरसमज आहे. 1999 ते 2003च्या कॉर्व्हेटचा फिल्टर आणि रेग्युलेटर एकाच डब्यात असतात. तो डबा टाकीजवळ बसवला की परतीचा रस्ता तिथूनच निघतो आणि पुढे एकच पाइप जातो. एवढा खर्च नकोच असेल, तर एलएसवर कार्बोरेटरचे मॅनिफोल्ड बसवून इग्निशनला वेगळा कंट्रोलर देणे हा प्रामाणिक पर्याय आहे. अर्धवट इंजेक्शनपेक्षा तो केव्हाही बरा.

काटकसर करू नये ती होज आणि वायरिंगमध्ये. कार्बोरेटरच्या दाबासाठी बनलेली साधी रबरी नळी 58 पीएसआयला लावू नये. इंजेक्शनसाठीचीच होज आणि तिच्याच क्लिपा घ्याव्यात. जुना यांत्रिक पंप इंजिन थांबले की थांबायचा. विजेच्या पंपाची वायर थेट चावीवर जोडली, तर अपघातात इंजिन बंद पडल्यावरही तो फाटलेल्या पाइपमधून पेट्रोल उडवत राहतो. त्याचा रिले इंजिनाच्या कंट्रोल युनिटकडूनच चालला पाहिजे: चावी फिरवल्यावर ते पंप साधारण दोन सेकंद चालवते आणि इंजिन फिरत नसेल तर बंद करते.