एक तंत्रस्नेही सर आणि कपाटातला रिमोट

‘आमच्याकडे धाकटे सर आहेत ना, ते बघतात कॉम्प्युटरचं सगळं.’ महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्यात शाळेतल्या तंत्रज्ञानाची चौकशी केली, की हे वाक्य हमखास ऐकू येतं. मुख्याध्यापक ते अभिमानानं म्हणतात, सहकारी सुटकेच्या भावनेनं. शाळेत एक तंत्रस्नेही शिक्षक असला की काम भागलं, असा हा समज आहे आणि तो काही केल्या मरत नाही.

मग धाकट्या सरांची बदली होते.

जिल्हा परिषदेच्या शाळेत बदली ठरलेलीच असते, तरी दर वेळी आभाळ कोसळल्यासारखा गोंधळ उडतो. रिमोट कपाटात, पेन ड्राइव्ह कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये आणि पासवर्ड सरांबरोबर नव्या गावी. गावानं लोकवर्गणी काढून घेतलेल्या स्मार्ट टीव्हीवर टेबलक्लॉथ चढतं. उरलेल्या शिक्षकांना तो वापरायची कधी गरजच पडलेली नसते. कारण ‘सर होते’.

या समजाला वर्तमानपत्रांनीही खतपाणी घातलं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, तेव्हा ‘एकट्या शिक्षकाची किमया’ हेच सूर उमटले. खुद्द डिसले यांनी मात्र दहा लाख डॉलरची निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांमध्ये वाटून टाकली. त्यांचं नाव ज्या क्यूआर कोडशी जोडलं गेलं, तेही राज्यभर पोहोचले ते पाठ्यपुस्तकांत छापले गेले तेव्हा.

संशोधन काय सांगतं? अमेरिकेतल्या लर्निंग पॉलिसी इन्स्टिट्यूटनं २०१७ मध्ये शिक्षक-प्रशिक्षणावरच्या ३५ काटेकोर अभ्यासांचा आढावा घेतला. मुलांच्या शिकण्यात फरक पाडणाऱ्या कार्यक्रमांत काही गोष्टी पुन्हा पुन्हा आढळल्या: विषयाशी थेट नातं, दीर्घकाळ चालणारं काम, वर्गातला पाठपुरावा आणि शिक्षकांनी एकमेकांबरोबर शिकणं. पुढच्याच वर्षी क्राफ्ट, ब्लेझर आणि होगन यांनी ६० अभ्यास एकत्र करून पाहिले. वर्गात येऊन मार्गदर्शन करणारा सोबती मिळाला, की शिकवणं सुधारतं आणि मुलांचे गुणही वाढतात. तिथंच एक इशाराही आहे: कार्यक्रम मोठा होत गेला, की परिणाम पातळ होतो. सभागृहात दोनशे शिक्षक बसवून पीपीटी दाखवणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

एकत्र शिकणं म्हणजे नेमकं काय? जपानमधले शिक्षक शंभराहून अधिक वर्षं ‘जुग्यो केन्क्यू’ करत आले आहेत. काही जण मिळून एकच पाठ आखतात, एक जण तो शिकवतो आणि बाकीचे मागे बसून मुलांकडे पाहतात. आपल्याकडे हे असं करता येईल: पाठ अपूर्णांकांचा. चारातला एक भाग तिनातल्या एका भागापेक्षा मोठा, असं पुष्कळ मुलांना वाटतं, कारण चार तिनापेक्षा मोठे. टीव्हीवरच्या व्हिडिओत एका भाकरीचे तीन, मग दुसरीचे चार तुकडे होतात. तो सलग दाखवला, तर मुलं पाहतात आणि विसरतात. दुसरी भाकरी कापण्याआधी थांबवून ‘कुठला तुकडा मोठा येईल, पाटीवर लिहा’ म्हटलं, की चूक पाटीवर उमटते. व्हिडिओ नेमका कुठं थांबवायचा, हे ॲपच्या प्रशिक्षणात कळत नाही. मागे बसून पाट्या पाहणारा सहकारी ते सांगू शकतो.

‘आमची शाळा द्विशिक्षकी, गट आणायचा कुठून?’ हा प्रश्न रास्त आहे. उत्तर शाळांच्या केंद्रात आहे. आसपासच्या शाळांचे शिक्षक शिक्षण परिषदेला एकत्र येतातच. तो वेळ परिपत्रकं वाचण्यात आणि माहितीचे तक्ते भरण्यात गेला, तर दोष तंत्रज्ञानाचा नव्हे.

आता किरकोळ गैरसमज, झटपट.

‘उपकरणं वाटली की मुलं शिकतात.’ पेरूच्या ग्रामीण भागातल्या ३१९ शाळांच्या अभ्यासात लॅपटॉप वाटपानंतर गणित आणि भाषेच्या गुणांत फरक दिसला नाही.

‘मुलांच्या हाती थेट टॅब द्या, शिक्षकांची अडचण नको.’ पाकिस्तानातल्या शाळांत दोन्ही प्रयोग झाले: शिक्षकांनी वर्गात व्हिडिओ वापरले तिथं चार महिन्यांत गणित-विज्ञानाचे गुण वाढले, तसाच मजकूर टॅबवर थेट मुलांना दिला तिथं ते घसरले.

‘तरुण शिक्षकांना हे उपजतच येतं.’ रील बनवणं येतं. त्यावरून अपूर्णांक शिकवणं येत नाही.

‘ऑनलाइन कोर्स पूर्ण, म्हणजे प्रशिक्षण पूर्ण.’ राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकांसाठी वर्षाला ५० तासांचा व्यावसायिक विकास सांगितला आहे. प्रमाणपत्र तास मोजतं, वर्गात काय बदललं ते मोजत नाही.

‘व्हॉट्सॲप ग्रुप आहे की आमचा!’ त्यात बहुतेक वेळा लिंका पुढे ढकलल्या जातात, पाठ आखला जात नाही.

केंद्रप्रमुखांनी पुढच्या शिक्षण परिषदेत एवढं करून पाहावं: एक तास, एक पाठ, चार शिक्षक आणि समोर खरी मुलं. आणि टीव्हीचा रिमोट त्या दिवशी तंत्रस्नेही सरांच्या हाती देऊ नये.