वीरगळ खालून वर वाचावा

पुणे-सातारा रस्त्यावर खंबाटकी घाट ओलांडला की गाड्या सुसाट सुटतात. वाटेत कुणी थांबायचं नाव काढत नाही. भुईंजजवळ महामार्ग सोडून चंदन-वंदन या जोडकिल्ल्यांच्या दिशेने निघालं की किकली लागतं. तिथल्या यादवकालीन भैरवनाथ मंदिराच्या आवारात वीरगळ उभे आहेत. वीरगळ म्हणजे लढताना कामी आलेल्या माणसाचा स्मृतिदगड.

जावं ते सकाळी. ऊन तिरपं असलं की झिजलेल्या कोरीवकामालाही सावली मिळते. दुपारी सगळं सपाट दिसतं. दगडासमोर चक्क उकिडवं बसायचं, कारण गोष्ट तळापासून सुरू होते.

सर्वांत खालच्या चौकटीत लढाई. ढाल-तलवार घेतलेला वीर, समोर शत्रू, कधी पायाशी आडवा पडलेला देह. गायी कोरलेल्या असतील, तर तो गोधन वाचवताना पडला. अशा एका दगडासमोर मी बराच वेळ बसलो. गायींची तोंडं सगळी एकाच दिशेला, आणि त्यांच्यापुढे तो एकटा. त्याच्या वर अप्सरा त्याला स्वर्गात नेताना दिसतात. त्याही वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला. माथ्यावर चंद्र-सूर्य: ते आहेत तोवर याची कीर्ती राहो. शेजारी कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात दिसला तर ती सतीची खूण. तिथून पुढे सरकणं मला जड जातं.

बहुतेक दगडांवर नाव नसतं, पण प्रसंग अचूक असतो. मुंबईत बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर तर वल्ह्यांच्या रांगा असलेली गलबतं आहेत. शिलाहार सोमेश्वर आणि यादव महादेव यांच्या 13व्या शतकातल्या आरमारी युद्धाशी त्यांचा संबंध जोडला जातो.

गावोगावी असे दगड पारावर, ओढ्याकाठी, शाळेच्या कुंपणाला टेकलेले सापडतात. लोक शेंदूर लावतात तो श्रद्धेने. त्याबद्दल माझी तक्रार नाही. जीव तुटतो तो जीर्णोद्धारात. नवा चौथरा बांधताना दगड सिमेंटमध्ये हातभर खाली जातो आणि नेमकी लढाईची चौकट गाडली जाते. मग हात जोडून बसलेला माणूस दिसतो, पण तो गायींसाठी मेला की गावासाठी, हे कळायचा मार्गच उरत नाही. चौथऱ्याचं काम काढणाऱ्यांनी दगड तेवढा उचलून वर बसवावा, त्याला फारसा जादा खर्चही येत नाही.