‘पुन्हा या’ म्हणजे काय?



मेळघाटातील वस्त्यांवर गरोदर बहिणींकडून एक तक्रार मी वारंवार ऐकतो : “इतक्या लांब जाऊन सोनोग्राफी केली, तरी डॉक्टरांनी काहीच सांगितलं नाही. दोन आठवड्यांनी पुन्हा या म्हणाले.” धारणीहून अमरावती सुमारे १५० किलोमीटर, तेही घाटरस्त्याने. रोज बुडतो, सोबत कोणीतरी लागते. त्यामुळे दुसरी फेरी राहून जाते. ती का टाळू नये, हे आपण समजून घेऊ.

गर्भ राहिल्याचे कळलेल्या १०० स्त्रियांपैकी साधारण १० ते १५ जणींचा गर्भ आपोआप पडतो, आणि तो बहुधा पहिल्या १२ आठवड्यांतच. अशा सुमारे निम्म्या गर्भांत गुणसूत्रांचा दोष असतो. तो गर्भ मुळातच वाढणारा नसतो. ग्रहण, नजर, करणी यांचा त्याच्याशी संबंध नाही. वाढते वय, ताब्यात नसलेला मधुमेह, थायरॉईडचा विकार, मलेरिया, सिकलसेल आणि तंबाखू यांनी मात्र धोका वाढतो.

आता सोनोग्राफीविषयी. आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. पाचव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाशयात फक्त गर्भाची थैली दिसते. हृदयाचे ठोके सहाव्या-सातव्या आठवड्यात दिसू लागतात. आपल्या अनेक बहिणी पाळीची तारीख सण किंवा बाजाराच्या दिवसावरून सांगतात. त्यात आठ-दहा दिवसांचा फरक पडला, तर अगदी निरोगी गर्भाचेही ठोके त्या दिवशी दिसणार नाहीत.

म्हणूनच डॉक्टर घाई करत नाहीत. आतून केलेल्या सोनोग्राफीत गर्भाची लांबी ७ मिलिमीटर होऊनही ठोके नसले, किंवा थैली २५ मिलिमीटरची होऊनही आत गर्भ नसला, तरच गर्भ वाढत नाही असे समजतात. तेव्हाही खात्रीसाठी पुन्हा तपासणे चांगले. माप त्याहून कमी असेल तर ७ ते १४ दिवस थांबावेच लागते. ‘पुन्हा या’ ही टोलवाटोलवी नव्हे. जिवंत असू शकणाऱ्या गर्भावर चुकून गोळ्या दिल्या जाऊ नयेत, म्हणून घेतलेली ती काळजी आहे. ठोके एकदा दिसले की गर्भ पडण्याचा धोका बराच कमी होतो.

सोनोग्राफीने गर्भपात थांबत नाही, हेही खरे. पण गर्भ योग्य जागी आहे का, हे तिच्यामुळे कळते. १०० पैकी एक-दोन गरोदरपणांत गर्भ गर्भाशयाबाहेर, बहुधा नळीत रुजतो. नळी फुटली तर पोटात रक्तस्राव होऊन आईचा जीव जाऊ शकतो. ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखणे, चक्कर, खांद्याच्या टोकाशी दुखणे किंवा खूप रक्त जाणे, यांपैकी काही झाले तर दुसऱ्या तारखेची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. जवळ धारणीचे उपजिल्हा रुग्णालय आहे. पुढे अमरावतीचे डफरीन. कामासाठी अकोट भागात उतरलेल्यांना अकोल्याचे लेडी हार्डिंग जवळ पडते. २०११ पासूनच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात गरोदर स्त्रीच्या तपासण्या आणि वाहन मोफत आहे.

आपण काय करू शकतो? पहिल्या फेरीला आपण भाडे देतो. दुसऱ्या फेरीचेही बाजूला ठेवू या. सोबतीला एखादी बहीण किंवा आशाताई जाईल असे पाहू या. आणि गर्भ गेलाच, तर ‘तू काय केलंस?’ किंवा ‘ही देवाची शिक्षा’ असे शब्द मंडळीतल्या कोणाच्याही तोंडून तिच्या कानी पडू नयेत. तिने काही केलेले नसते, आणि बहुतेकींचे पुढचे बाळंतपण सुखरूप होते. दोन किंवा अधिक वेळा असे झाले, तर मात्र तपासण्या करून घ्याव्यात.

शेवटी एक साधी गोष्ट : दुसऱ्या वेळी जाताना पहिला रिपोर्ट आणि माता-बाल कार्ड पिशवीत आहे ना, ते पाहा. वाढ झाली की नाही, हे डॉक्टर त्या जुन्या मापावरूनच ठरवतात.